वैजनाथआप्पांचा कान

मागच्या रविवारी रोहन फोनवर बोलता बोलता वैतागला. "आजी, एक मिनिट थांब. मी शाळेसाठी व्हिडिओ करतोय आणि त्यात कुठून तरी एक आवाज येतोय. सगळं काढून टाकलं तरी येतोच आहे." मी म्हणाले, "खालची पट्टी बघ. पडद्याच्या खाली एखादी राहिली असेल." पलीकडून माउसची टिकटिक ऐकू आली. मग म्हणाला, "सापडली. आजी, तुला हे कसं माहीत?"

मला ते वैजनाथआप्पांमुळे माहीत आहे. तुम्ही नातवंडांनी त्यांना पाहिलेलं नाही, म्हणून लिहून ठेवते.

बीडच्या आमच्या घराला खाली रस्त्याच्या बाजूने दोन खोल्या होत्या. त्या आप्पांनी दुकानासाठी भाड्याने घेतल्या होत्या, मागेच त्यांचं बिऱ्हाड होतं. आम्ही वर राहत होतो. मी तेव्हा मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. तुमचे आजोबा नोकरीसाठी लातूरला असत आणि शनिवारी संध्याकाळी येत. आप्पांचं घराणं व्यापारी, लिंगायत. भावांचं कापडाचं दुकान होतं. आप्पा मात्र लहानपणापासून रेडिओ उघडून बसत, म्हणून गादीवर कधी बसलेच नाहीत. आधी रेडिओ दुरुस्त केले. रेडिओ यायचे बंद झाले तेव्हा टेपरेकॉर्डर आणि टीव्ही. मग नव्वदनंतर घरोघर रंगीत टीव्ही आला, केबल आली, खेड्यापाड्यांतसुद्धा लग्नाचं शूटिंग हवं असं लोक म्हणू लागले, तेव्हा आप्पांनी दारावर 'मंगल व्हिडिओ' अशी पाटी लावली. दशक संपत आलं तेव्हा औरंगाबादहून कॉम्प्युटर आणला. एसटीत मॉनिटरला खिडकीची जागा दिली आणि स्वतः बीडपर्यंत उभे राहून आले.

उंच, काटकुळे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. सदऱ्याच्या आत चांदीच्या डबीत इष्टलिंग. काही ऐकायचं असलं की डोळे मिटत, तोंड किंचित उघडं ठेवत आणि डावा तळहात टेबलावर पालथा टाकत. तोंड उघडं असलं की जास्त ऐकू येतं, असं त्यांचं म्हणणं होतं. आधी सगळ्यांना गप्प करत, मग पंखा बंद करायला लावत. "बाई, पंखा बंद करा. त्यो मधीच बोलतोय."

एकदा खालून ओरडून म्हणाले, "बाई, तुमच्या फ्रिजचा मागचा डावा पाय अधांतरी हाय." मी वाकून बघितलं, तर तसंच होतं. दुसऱ्यांदा मी शाळेतून आले, जिना चढून वर गेले, तर पाठोपाठ त्यांच्या घरून सुंठेचा काढा आला. मी कोणालाच काही सांगितलं नव्हतं. संध्याकाळी विचारलं तर म्हणाले, "रोज तुमी न थांबता चढता. आज तिसऱ्या पायरीला थांबलात, अन् पुन्यांदा आठवीला. ताप हाय म्हनलं."

असा कान असलेल्या माणसाने लग्नांचं शूटिंग करावं, ही मोठी जोखीम होती. कॅमेऱ्याच्या माईकमध्ये काय काय येतं, ते मला त्यांच्याकडे बसल्यावर कळलं. मानपानावरून रुसलेले पाहुणे, वाढप्यांची भांडणं, नवरीच्या रंगावरची शेरेबाजी. आप्पा म्हणत, "कॅमेऱ्याफुडं मानूस ग्वाड बोलतो. माईक हाय हे इसरला की खरं बोलतो." हे सगळं ते ऐकत, काढून टाकत आणि कधीच कोणाला सांगत नसत. त्यांच्या बायकोने एकदा माझ्याकडे तक्रार केली, "आवघ्या तालुक्याच्या भानगडी ह्यांच्या पोटात हायती, पर मला येक सांगत न्हाईत."

कॅमेऱ्याच्या माईकवर त्यांचा विश्वास नव्हता. प्रत्येक लग्नात ते जुना टेपरेकॉर्डर घेऊन जात आणि लाउडस्पीकरवाल्याच्या मशीनला वायर लावून मंगलाष्टकं वेगळी टेप करत. बाकीच्या लग्नावर गाणी टाकली तरी चालत, पण मंगलाष्टकांना खरा आवाज पाहिजे, हा त्यांचा नियम होता. दुसरे शूटिंगवाले एकाच लग्नाची अष्टकं दहा लग्नांना लावत. आप्पा त्यांना नावं ठेवत. "दुसऱ्याच्या अक्षता ह्याच्या डोक्यावर?"

त्यांचं इंग्रजी 'ऑन' आणि 'ऑफ'पाशी संपत होतं, आणि कॉम्प्युटर तर सगळं इंग्रजीतच बोलायचा. म्हणून शाळा सुटल्यावर मी तासभर त्यांच्याकडे बसायची. मी दोन रकाने पाडून वही केली. डावीकडे पडद्यावरचा शब्द, उजवीकडे त्याचा मराठी अर्थ. आवाज बंद करण्याच्या बटणापुढे मी 'मूक' लिहिलं होतं. त्यांनी ते खोडून 'खामोश' केलं.

त्या प्रोग्रामात चित्राची एक पट्टी असायची आणि तिच्याखाली आवाजाच्या पट्ट्या, एकाखाली एक. बीडजवळच्या पालीच्या एका लग्नात सप्तपदीच्या वेळी एक मूल रडायला लागलं. चित्रात मूल कुठेच नव्हतं. आप्पांनी आवाज काढून टाकला, तरी मूल रडतच राहिलं. दोन दिवस त्यांनी वायरी बदलल्या, स्पीकर बदलले, शेवटी बायकोच्या सांगण्यावरून कॉम्प्युटरपुढे नारळसुद्धा फोडला. मी सहज पडदा खाली ओढला, तर पडद्याच्या खाली, दिसत नव्हती अशा जागी, आधीच्या बारशाच्या आवाजाची एक पट्टी पडून होती. आप्पा इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मग वहीच्या पहिल्या पानावर माझ्याकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं आणि खाली सही केली: "आवाज बंद करणे सोपे आहे. तो कुठून येतो ते आधी विचारावे."

चकलांब्याच्या लग्नाची गोष्ट त्यानंतरच्या उन्हाळ्यातली.

दुष्काळ होता. पालीच्या धरणात गुरं चरत होती आणि आमच्या भागात टँकर आठवड्यातून एकदा यायचा. वीज फक्त अकरा ते तीन असायची. त्यामुळे आप्पांचं सगळं काम त्या चार तासांत.

एका गुरुवारी दुपारी मी शाळेतून आले, तर त्यांच्या बाकावर एक गृहस्थ आणि एक बाई बसलेल्या. गृहस्थ चकलांब्याचे भगवानराव. नऊ दिवसांपूर्वी त्यांच्या मुलीचं, रेखाचं, कडा गावच्या मुलाशी लग्न झालं होतं आणि शूटिंग आप्पांनी केलं होतं. बाई त्यांची बहीण, सुमनबाई. त्या पदराने तोंड झाकून रडत होत्या.

"कॅसेट झाली का, आप्पा?" भगवानरावांनी विचारलं.

"न्हाई अजून. शनवारी न्यायला येनार हायत की कड्याचे पाव्हनं. कावून?"

भगवानराव बहिणीकडे बघून म्हणाले, "सांग आता तूच. तुझ्याच तोंडानं सांग."

सुमनबाईंनी हळूहळू सांगितलं. मंगलाष्टकं चालू होती. शेजारच्या बाईने विचारलं, पोरगी अशी सुकलेली का दिसते? आणि ह्या बोलून गेल्या, "ल्हानपनी झटके यायचे की रेखाला. अजून रोज गोळी हाय. तिकडं सांगितलंय का न्हाई, देव जाने." बोलून झाल्यावर मागे वळून बघितलं, तर कॅमेरा दोन हातांवर होता. नऊ दिवस त्यांना झोप नव्हती. काल भावाला सांगितलं.

"सांगितलं न्हाई ना तिकडं?" आप्पांनी विचारलं.

भगवानरावांनी मान खाली घातली. "दोन जागा मोडल्या ह्याच्यापायी. तिसरी जमली, म्हनलं आता गप बसावं. डॉक्टर म्हनतेत, गोळी चालू ठेवली की काई होत न्हाई. पर एक दिस बी चुकवायची न्हाई."

"मग पोरगी गोळी कशी खाती तिकडं?"

सुमनबाई म्हणाल्या, "जाताना सांगून धाडलंय तिला, पदराला गाठ मारून न्यायची. मोरीत जाऊन खायची."

रविवारी कड्याला सासरची सगळी गल्ली टीव्हीपुढे जमणार होती. लग्नाची कॅसेट पहिल्यांदा लावायची म्हणजे शेजारीपाजारी, भावकी, सगळे येत, आणि नव्या सुनेला मध्ये बसवत.

मला राहवलं नाही. मी म्हणाले, "मुलीच्या औषधाची गोष्ट लपवणंच चूक होतं. आता तरी सांगून टाका."

उत्तर दिलं आप्पांनी. "बाई, तुमचं खरं हाय. पर ते ह्या कॅसेटीतनं जायला नगं. पन्नास मानसांत, पोरीच्या तोंडावर?" मग त्यांच्याकडे वळून म्हणाले, "उद्या अकराला या. तुमच्यासमोर काढतो."

शुक्रवारी उन्हाळी सकाळची शाळा करून मी साडेअकराला पोचले, तर आतल्या खोलीत काम सुरू झालं होतं. त्या खोलीच्या दाराला आप्पांनी बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून जाड वाकळ लावली होती. आत पंखा बंद. भगवानराव स्टुलावर, सुमनबाई खाली जमिनीवर.

आप्पांचा बेत सोपा होता. कॅमेऱ्याच्या आवाजात सुमनबाई आहेत, तर तो आवाजच खामोश करायचा आणि त्याच्या जागी मशीनवरून केलेली टेप बसवायची. त्यांनी कॅमेऱ्याची पट्टी बंद केली, टेपरेकॉर्डर कॉम्प्युटरला जोडला आणि मंगलाष्टकं आत घेतली.

गुरुजींच्या आवाजाखाली गुंऽऽ असा जाड आवाज येत होता, गिरणीच्या पट्ट्यासारखा.

"टेपच बिघडली का काय?" भगवानराव उठून उभे राहिले.

आप्पांनी टेपरेकॉर्डर सुटा करून नुसता ऐकला. गुंऽऽ नव्हता. वायर बदलली. होता. टेबलावर तळहात ठेवून त्यांनी डोळे मिटले. "टेप चांगली हाय. आपली जमीन कोरडी हाय."

बाहेर कडुलिंबाखाली त्यांनी अर्थिंगचा खड्डा केला होता. कोळसा आणि मीठ भरलेला, वर पत्र्याचं झाकण. खड्डा ओला असला तर वीज नीट जमिनीत जाते, नाहीतर ती आवाजात शिरते, हे मला त्यांनी कधीच समजावून दिलं होतं. एरवी ते तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी त्यात घालत. टँकर आता थेट रविवारी यायचा होता, आणि त्यांच्या घरात तसलंसुद्धा पाणी शिल्लक नव्हतं. साडेबारा वाजून गेले होते. तीनला वीज जाणार होती.

मी वर गेले. माझ्याकडे प्यायच्या पाण्याची एक कळशी होती. त्यातलं अर्धं बादलीत घेऊन आले.

"बाई, हे प्यायचं हाय," आप्पा म्हणाले.

"माहीत आहे. घाला."

त्यांनी त्यात मूठभर मीठ विरघळवलं आणि बादली खड्ड्यात ओतली. जमिनीने पाणी असं ओढून घेतलं की थेंबही वर दिसला नाही. आम्ही सगळे पुन्हा आत आलो. आप्पांनी टेप चालू केली.

गुंऽऽ पातळ झाला आणि मग थांबला. गुरुजींचा आवाज स्वच्छ आला, कडवं संपलं, मंडपाने एका सुरात 'सावधान' म्हटलं. आणि त्याच्या मागोमाग, आमच्या खोलीत कोणी कानाशी बोलावं इतकं स्पष्ट, "ल्हानपनी झटके यायचे की रेखाला."

"बंद करा!" सुमनबाई ओरडल्या.

आप्पांनी बटण दाबलं. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. म्हणाले, "बाई, खालची पट्टी."

मी पडदा खाली ओढला. दुसरी पट्टी, तिसरी, चौथी. सगळ्या रिकाम्या होत्या. कॅमेऱ्याची पट्टी खामोशच होती. कॅमेऱ्याची वायर त्यांनी काढूनच टाकली. तरीसुद्धा पुन्हा लावल्यावर 'सावधान'च्या पाठोपाठ सुमनबाई बोलल्याच. शेवटी आप्पांनी कॉम्प्युटर बाजूला सारला आणि कॅसेट नुसत्या टेपरेकॉर्डरवर लावली. तिथेही त्या बोलल्या.

आप्पांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, "आता आवाज नको. नुसतं चित्र लावा."

मी चित्र लावलं. अंतरपाट, गुरुजी, अक्षता. डाव्या कोपऱ्यात बायकांची रांग. त्यात सुमनबाई, शेजारणीकडे कललेल्या. आप्पांनी चित्र तिथेच थांबवलं आणि पडद्यावर बोट ठेवलं.

"सुमनबाई, हे तुमच्या मांडीवर काय हाय?"

"माईक," त्या म्हणाल्या. "फुडचं अष्टक माझं व्हतं ना. गुरुजींचा येक अन् आमा बायांचा येक. मी नंबर लागायची वाट बगत बसलते."

"बटन चालू व्हतं?"

"मी... मी खाली धरलता की."

आप्पा खूप हळू बोलले. "कॅमेऱ्यात लांबचं आलं असंल. टेपात जे आलं, ते मशीनीतनं आलं. अन् मशीनीत आलं म्हंजी कर्ण्यात गेलं. 'सावधान'च्या गलक्यात तुमाला अन् मला कळलं न्हाई, पर कर्ण्याखाली बसलेल्याला कळलं असंल."

भगवानरावांना समजायला वेळ लागला. मला समजलं, कारण मंडपात लाउडस्पीकरचे तीन कर्णे होते आणि त्यातला एक वराकडच्या बायकांच्या बाजूला होता. तो चित्रात दिसत होता.

"म्हंजी सगळ्यांनी ऐकलं?" भगवानराव म्हणाले. "मी कावून न्हाई ऐकलं?"

"तुमी कुटं व्हता?"

भगवानरावांचा आवाज फुटला. "टँकर आला न्हवता. पंगत बसायची व्हती. मी गेवराईच्या रस्त्याला गेलतो, गाडीवर. माझ्या लेकराच्या डोक्यावर अक्षता पडायल्यात अन् मी तितं टँकरवाल्याच्या पाया पडायलोय."

मग ते एकदम उठले. "जातो आत्ताच कड्याला. पोरीला घिऊन येतो. धा दिस झाले, तिकडनं कुनाचा शब्द न्हाई. फोन केला तर व्याही दोन शब्द बोलून ठिवून देतो. मला वाटलं, कामात असतील. ते काई तरी ठरवायलेत."

"बसा," आप्पा म्हणाले.

"बसू कसा?"

"बसा, भगवानराव. ज्याला भांडायचं त्यो धा दिस दम काढत न्हाई. गप बसायला बी कारन लागतं. ते काय हाय ते तुमाला ठावं न्हाई, मला बी न्हाई. आज जाऊन तुमीच आरडाओरडा केला, तर ज्यानं ऐकलं न्हाई त्याला बी कळंल. उद्या पाव्हना येतोय. त्याच्या बोलन्यावरनं मला कळंल."

"अन् तवर पोरीला काई झालं तर?"

म्हणाले, पण भगवानराव पुन्हा स्टुलावर बसले. तीनला वीज गेली. भगवानराव आणि सुमनबाई बीडमध्येच एका नातेवाइकाकडे राहिले. आप्पांनी त्या रात्री जेवण केलं नाही, असं त्यांची बायको मला सकाळी म्हणाली. त्यांनी एका बापाला अडवलं होतं, आणि ते बरोबर होतं की नाही हे त्यांना माहीत नव्हतं.

शनिवारी अकराला वीज आली. आप्पांनी काम वीस मिनिटांत केलं. आधीच्या कडव्यानंतरचं 'सावधान' उचलून त्या जागी बसवलं. त्याच लग्नातलं, त्याच मंडपातलं. आवाज गेला. खरोखर इतकंच सोपं होतं. मग कॅसेटवर उतरवायला लावलं. त्याला लग्नाइतकाच वेळ लागतो, म्हणून भगवानराव आणि सुमनबाई वाकळीच्या आत कॅसेटपाशी बसून राहिले आणि आप्पा बाहेरच्या खोलीत आले. मी बाकावर वह्या तपासत होते, पण एकही चूक मला दिसत नव्हती.

बाराच्या सुमाराला नवऱ्याचा धाकटा भाऊ आला. त्याच्या मागे एक ठेंगणी, सावळी, पन्नाशीची बाई होती. हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू. त्या रेखाच्या सासूबाई, गयाबाई. त्या स्वतः येतील असं कोणालाच वाटलं नव्हतं. आप्पांचा हात सदऱ्याच्या आत लिंगाच्या डबीवर गेला, तो मी पाहिला.

"बसा, अक्का. व्हायलीच कॅसेट."

गयाबाई बसल्या. माझ्याकडे बघितलं. आप्पा म्हणाले, "घरमालकीन हायत. शाळेत बाई हायत." गयाबाईंनी मुलाला म्हटलं, "जा रे, कड्याची गाडी किती वाजता हाय, स्टँडवर इचारून ये." तो गेला. तो रस्त्यापलीकडे दिसेनासा होईपर्यंत त्या थांबल्या.

"आप्पा, येक इचारायचं व्हतं. अष्टकाच्या येळंला येक बाई मधीच बोललीय. माझ्या डोक्यावरच कर्णा व्हता. ते कॅसेटीत आलं असंल का?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही. "काय बोलली?"

"काय का असंना. आलं असंल तर काढता येतं का?"

"कावून काढायचं?"

"उद्या गल्ली गोळा व्हनार. माझी सून मधी बसनार. तिच्यासमोर ते वाजायला नगं."

आप्पा उठले. "लई उकडायलंय," म्हणाले, आणि आतल्या दाराची वाकळ उचलून खुंटीला अडकवून टाकली. आवाज अडवण्यासाठी लावलेली ती वाकळ वीज असताना त्यांनी वर केलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. आतले दोघे दाराच्या आडोशाला होते, बाकावरून दिसत नव्हते. मग आप्पा परत येऊन बसले आणि जरा मोठ्याने म्हणाले, "अक्का, तुमाला राग न्हाई आला?"

"आला न्हाई तर काय! लई आला. चकलांबेकरांनी लबाडी केली आमच्याशी. दोन दिस मी पोरीशी धड बोलले न्हाई. मालकांना बी म्हनलं, व्याह्याशी जादा बोलू नगा. तिसऱ्या दिवशी ती मोरीत गेली ती येईचना. मी दार लोटलं. गोळी हातात, अन् रांजन रिकामा. मोरीत थेंबभर पानी न्हवतं. ती कोरडीच गिळायलीती. घशाला अडकलीती तिच्या." गयाबाईंनी पदराने कपाळ टिपलं. "माझ्याकडं बगून अशी भ्याली, आप्पा. मी माजघरातनं तांब्या आनून दिला."

"मग?"

"मग काय? आता सकाळी मीच देते गोळी. ठेवती कुटं, ते बी दाखवलं तिनं. घरात दुसऱ्या कुनाला सांगितलं न्हाई अजून, सांगंन सवडीनं. पर तिच्या बापाला सोडनार न्हाई मी. गाठ पडू द्या येकदा. असा झापते त्याला!"

आत काहीतरी पडलं. पाठोपाठ एका मोठ्या माणसाचा हुंदका आला, दाबलेला आणि दाबता न आलेला.

गयाबाई उठून उभ्या राहिल्या. "कोन हाय आत?"

"तेच हायत," आप्पा म्हणाले. "झापा."

गयाबाई आत गेल्या. त्यांनी खरंच झापलं. जवळजवळ दहा मिनिटं त्या बोलत होत्या आणि मधूनमधून भगवानराव "चुकलं, अक्का, चुकलं" म्हणत होते. आप्पा बाहेर बाकावर माझ्या शेजारी बसून राहिले. डोळे उघडे, तोंड बंद, दोन्ही हात मांडीवर. ते ऐकत नव्हते. ऐकू येत असताना न ऐकणं त्यांना जमतं, हे मला त्या दिवशी कळलं. थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "बाई, कळशीत अजून पानी हाय का? येक गिलास मिळंल? तोंडाला कोरड पडलीय."

पुढे दोनेक वर्षांनी तुमचे आजोबा निवृत्त झाले आणि आम्ही पुण्याला यायचं ठरवलं. निघायच्या आठवड्यात मी माझ्याकडे राहिलेली त्यांची वही परत द्यायला खाली गेले. आप्पांचे केस पांढरे झाले होते, आणि ऐकताना आता तळहाताबरोबर कपाळही टेबलाला टेकवत. त्या सालात पाऊस बरा झाला होता आणि नळाला रोज पाणी यायचं.

दुकानात गयाबाई बसल्या होत्या, आणि त्यांच्याजवळ एक गोरटेली तरुण मुलगी, मांडीवर वर्षभराचा मुलगा. जावळाचं शूटिंग ठरवायला आल्या होत्या. मी तिला फक्त पडद्यावर पाहिलं होतं, पण लगेच ओळखलं.

बोलता बोलता गयाबाईंनी घड्याळाकडे बघितलं, पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि सगळ्यांच्या देखत तिच्या हातावर एक गोळी ठेवली. "घे. आज गाडीच्या गडबडीत राहिलीय." आप्पांनी माठातून गिलास भरून दिला. रेखाने गोळी घेतली, वर दोन घोट प्याली आणि अर्धा गिलास परत केला.

ते पाणी आप्पांनी टाकून दिलं नाही. गिलास हातात घेऊन ते उठले, पायऱ्या उतरून कडुलिंबाखाली गेले, पत्र्याचं झाकण सरकवलं आणि हळूहळू, थेंब बाहेर न सांडता, खड्ड्यात ओतलं. मग आत आले, पंखा बंद केला आणि गुंऽऽ येतोय का ते ऐकायला डोळे मिटून टेबलावर तळहात आणि कपाळ टेकवलं. आम्ही सगळ्याजणी गप्प बसलो. तेवढ्या वेळात मांडीवरचं ते मूलसुद्धा रडलं नाही.